बदामाच्या जागी चारोळी

सदर बाजाराच्या तोंडाशी चार नावाचं रानफळ विकणाऱ्या बाया येऊन बसल्या की माझ्या पोटात जळायला लागतं. पित्त नव्हे. पित्ताची गोळी मी रोज सकाळी घेते आणि ती आपलं काम करते. हे जळणं वेगळं, आणि ते मे महिन्यातच होतं. टोपलीत ओला फडका, फडक्यावर वाटाण्याएवढी काळीजांभळी फळं, बाजूला पळसाच्या पानांचे दोने. मागून स्कूटरवाले हॉर्न मारत असतात, सोनाराच्या दुकानातला नोकर पायऱ्यांवर पाणी शिंपडत असतो, आणि बाई आपली शांतपणे म्हणते, "ले ले दीदी, अब्बड मीठ हे," म्हणजे फार गोड आहे. मी दोन दोने घेते. एक फळ तिथेच तोंडात टाकते. गर नावालाच. जिभेला आंबटगोड कळतंय न कळतंय तोच दाताखाली टणक बी येतं. त्या बीच्या आत चारोळी असते, आपण श्रीखंडावर आणि बासुंदीवर घालतो ती. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला चारोळी प्लास्टिकच्या पुडीत उगवते असंच वाटत होतं. मलाही रायपूरला येईपर्यंत फार वेगळं ठाऊक नव्हतं.

मला हे फळ आवडतं आणि त्याच्यामुळे मला माझी धाकटी जाऊ आठवते. म्हणजे आवडतं तेवढंच नावडतंही. कुंदा तिचं नाव. दीर उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यात फोरमन होते, म्हणून ते दोघं बीरगावला राहत, आणि आमचे हे सरकारी नोकरीत, म्हणून आम्ही चौबे कॉलनीत. मी नागपूरची, होम सायन्सची पदवीधर, वर फळप्रक्रियेचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलेली. कुंदा सालेकशापलीकडच्या जंगलातल्या एका खेड्यातली, दहावीला दोनदा बसून सोडून दिलेली. माझ्याकडे वजनकाटा, तापमापक, आणि पाकातली साखर मोजायचं नळीसारखं एक यंत्र होतं. तिच्याकडे एक पाटा होता. आणि घरी चार माणसं जेवली की हात धुताना म्हणायची, "कुंदाच्या हाताला काय चव आहे!" मग माझ्याकडे लक्ष जायचं आणि सावरून घेत म्हणायची, "शुभांगीचं मात्र सगळं कसं व्यवस्थित." व्यवस्थित. या शब्दाचा मला अजून राग आहे.

मी तिचा मत्सर करते. साठी उलटली, आता हे असं सरळ म्हणून टाकायला हरकत नाही. तिच्या रंगाचा नाही, दागिन्यांचा नाही, मुलांच्या मार्कांचाही नाही. तिने कणकेत पाणी न मोजता ओतायचं आणि ते बरोबर निघायचं, याचा. एखादी गोष्ट आपण घाम गाळून शिकावी आणि शेजारच्या माणसाला ती आपोआप यावी, यासारखं जळवणारं दुसरं काही नसतं.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. नुकतंच म्हणजे इतकं की पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' खोडून 'छत्तीसगढ़' रंगवणं अजून चालूच होतं, आणि घाईत रंगवलेल्या पाट्यांवर जुनी अक्षरं खालून डोकावत. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरलं होतं. आमचे हे तिथे कामाला जात आणि घरी येऊन सांगत की मोठ्या साहेबांच्या खोलीत अजून फिनाइलचा वास येतो. भोपाळहून बदली होऊन आलेल्या बायका भाजीच्या ठेल्यावर भेटत आणि नाक मुरडत, "यहाँ तो कुछ मिलता ही नहीं." आम्ही जुने रायपूरकर मनातून चिडायचो. पण शहरानेही ते मनावर घेतलं असावं, कारण बघता बघता सगळं मिळायला लागलं. राजस्थानी हवेलीसारखं हॉटेल निघालं, पंजाबी ढाबा निघाला ज्यात खाटा होत्या पण त्यांवर बसायला मनाई होती. आणि विमानतळाच्या रस्त्यावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, समुद्राचा बार निघाला.

टिकी बार म्हणत त्याला. मला हा शब्द कळायला वेळ लागला. प्रशांत महासागरातली बेटं, तिथले लाकडी देव, बांबू, गवताचं छप्पर, आणि रम घातलेली फळांची पेयं, असा सगळा देखावा. तो मुळात त्या बेटांवरचाही नाही, अमेरिकेत कुणीतरी रचलेला. भनपुरीला ट्रकांचा धंदा असलेल्या एका शेठजींनी परदेशातल्या सहलीत तो पाहिला आणि आपल्या गावात हवाच म्हणून हट्ट धरला. ते समुद्राची गाज टेपवर वाजवायचे. दुपारी वीज गेली की समुद्र बंद पडायचा.

मी दारूला कधी शिवले नाही. पण त्या बारमध्ये मी पुष्कळदा गेले, सकाळी अकराच्या सुमाराला, मागच्या दाराने, दोन्ही हातांत सरबताच्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन. दार उघडलं की आत गार अंधार आणि ओल्या पैऱ्याचा वास. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. बेटावरचं गवत कुठून आणणार, म्हणून छपराला आपला पैरा लावला होता आणि त्यात चिमण्यांनी घरं केली होती. भिंतीला ओळीने मोठ्या डोळ्यांचे, दात विचकलेले लाकडी देव. फोटो दाखवून बस्तरच्या सुतारांकडून कोरून घेतलेले. एका देवाच्या कानात सुतारांनी सवयीने आपल्याकडची खिनवा कोरली होती, बायकांच्या कानातला दागिना. मॅनेजरने ती लगेच तासून घेतली. त्या देवाच्या कानाशी लाकूड पांढरंच राहिलं.

मॅनेजरचं नाव आशीष. काही वर्षं जहाजावर काम करून आलेला, पस्तिशीचा, फार बोलका. मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात माझ्या सरबतांच्या स्टॉलवर तो आला, पन्हं प्याला, बाटलीवरची तारीख वाचली, आणि म्हणाला, "दीदी, पूरे रायपुर में पहली बार किसी ने तारीख लिखी है." त्या एका वाक्यावर मी विकली गेले. आयुष्यात माझ्या व्यवस्थितपणाचं कुणी असं मनापासून कौतुक केलं नव्हतं.

त्याच्याकडे एक जाड फाइल होती. बारमध्ये काय असली पाहिजे, ते सगळं त्या फाइलमध्ये. लिंबू त्याच सकाळी पिळलेलं. अननस डब्यातला नाही. बर्फ कुटलेला, पण चुरा झालेला नाही. आणि त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या पेयात जे बदामाचं सरबत पडतं, त्यात बदामच पाहिजेत, इसेन्स नाही. ते सरबत तेव्हा इथे तयार मिळत नसे. म्हणून मी. आशीष म्हणायचा, "लोग नकली समंदर माफ कर देते हैं दीदी, नकली स्वाद नहीं करते." मला ते फार पटायचं. आजही पटतं, म्हणून तर अवघड होतं.

एप्रिलभर माझं स्वयंपाकघर त्या कामाला लागलेलं होतं. बदाम भिजवायचे, सोलायचे, मिक्सरमधून काढायचे, पंच्यात गाळायचे, पाक मोजून त्यात ते दूध घालायचं. गाळताना मनगटं भरून यायची. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा वास आणि बदामाचा वास एकमेकांत मिसळायचा. आमचे हे ऑफिसातून आले की विचारत, "आज देवांना काय नैवेद्य?" मी हसायचे. मला त्या उन्हाळ्यात हसू यायचं, कारण आशीषने एक गोष्ट कबूल केली होती. नवं मेन्यूकार्ड छापायचं होतं, आणि त्या पेयाच्या नावाखाली बारीक अक्षरांत यायचं होतं: 'बादाम का शरबत, शुभांगी दीदी के घर से.'

हसू नका. माणसाला छापील अक्षरांत आपलं नाव बघायची हौस असते. माझं नाव तोवर दोनदाच छापलं गेलं होतं, सर्टिफिकेटवर आणि लग्नपत्रिकेत. आणि बारच्या कार्डावर नाव येणं ही काही आमच्या घरात मिरवायची गोष्ट नव्हती. पण मला ते हवं होतं. फार हवं होतं.

मेच्या सुरुवातीला नागपूरला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दहा दिवस जावं लागणार. बारला माल तर द्यायचाच. मी बदाम मोजून पुड्या बांधल्या, कागदावर कृती लिहिली, आकडे लाल शाईने अधोरेखित केले, आणि सगळं बीरगावला कुंदाच्या हवाली केलं. तिने कागद हातात घेतला, पाहिला, आणि दूध तापवायच्या पातेल्याखाली दाबून ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परत आले तर बाटल्या पोचत्या झालेल्या, आणि बदामाच्या पुड्या माझ्यासमोर जशाच्या तशा.

"दीदी, तुमचे बदाम खौट लागून राह्यले होते," कुंदा म्हणाली. "मंग मी मायच्या घरची चारोळी होती, तेच वाटली. बिघडलं का?"

मी एक बदाम दातांखाली धरला. खवट. उन्हाने तेल सुटलेले. ग्रॅमपर्यंत मोजलेले होते मी ते बदाम, पण एकही चावून बघितला नव्हता. ती मला सांगत होती, कशी केली ते. चारोळी पाट्यावर वाटली, हाताने, थोडं थोडं पाणी लावत. पाक वेगळा केला आणि पार निवल्यावर त्यात ते दूध सोडलं, आणि वर फडक्यात मोगऱ्याची फुलं बांधून ठेवली. मी नीट कान दिला नाही. मला वाटलं, आता बारमधून बाटल्या परत येणार आणि माझं नाव जाणार.

दुसऱ्या दिवशी बारच्या मागच्या दारी आशीष धावतच आला. "दीदी, इस बार क्या डाला? तीन लोग पूछ गए!"

तिथे, त्या कान तासलेल्या देवाखाली उभी राहून मी म्हणाले, "वही, जो हमेशा डालती हूँ."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण त्या खोट्याचे पाय दोनच दिवसांचे होते, कारण पुढची खेप मी केली, ताजे बदाम आणून, एकेक चाखून, चूक काढायला जागा न ठेवता. आशीषने चमचाभर चाखलं आणि म्हणाला, "यह अच्छा है. लेकिन वो नहीं है." मग सांगावं लागलं की ते माझ्या धाकट्या जावेने केलं होतं. तो म्हणाला, तिला घेऊन या, दोघींचं शेजारी शेजारी ठेवून बघू.

ऑटोत कुंदाने मला विचारलं, "दीदी, चारोळीचं सांगू का त्याइले?" मी बाहेर बघत होते. म्हणाले, "विचारलं त सांग." मला ठाऊक होतं तो विचारणार नाही. तो चवीबद्दल बोलेल, घटकाबद्दल नाही, कारण चव कशाची हे फाइलने आधीच ठरवलं होतं. हे मी मुद्दाम केलं. कशासाठी, ते त्या क्षणी मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं, पण हुकमाचं पान हाती राखून ठेवावं तसं मी ते ठेवलं.

बारमध्ये शिरल्यावर कुंदाने आधी डोक्यावर पदर घेतला. भिंतीकडे पाहून विचारलं, "हे कोनाचे देव हायत?" आशीष म्हणाला, "डेकोरेशन है, दीदी." तिने तरी हात जोडले, एकेका देवाला. मग दोन छोटे ग्लास आले. माझं पांढरं, सारखं, कार्डावर छापावं असं. तिचं जरा मळकट, तळाशी किंचित बसलेलं. आशीषने दोन्ही चाखले, दुसऱ्यावर डोळे मिटले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "यह."

मी पण चाखलं. मला खोटं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सरबतात बदाम होते आणि साखर होती. तिच्या सरबतात एक गाव होतं, दुपारचं. मला इतकं जळलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि आशीषला वाटलं मला कौतुकाने भरून आलंय.

आता जिकडे तिकडे थीमची हॉटेलं झाली आहेत. गेल्या वर्षी पुतण्या आम्हा दोघींना नव्या रायपूरच्या एका कॅफेत घेऊन गेला. गावासारखा कॅफे. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग, त्यावर तांदळाच्या कणीने काढल्यासारखी रांगोळी, पण स्टिकरची, आणि कार्डावर 'चिरौंजी स्पेशल', म्हणजे आपली चारोळी, सगळ्यात वर. पुतण्या म्हणाला, "काकी, ये यहाँ का ओरिजिनल है." त्याला मराठी सगळी कळते, बोलतो हिंदीच. कुंदाने नळीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर लय हाय रे बाबू." मी माझा ग्लास पूर्ण प्यायले. चारोळी आता असली झाली होती, अस्सल, कार्डावर वर चढलेली. त्या उन्हाळ्यात ती बदामाच्या जागी घुसलेली परकी होती. काय असली आणि काय नकली हे ठरवणाऱ्या फाइलीही दर काही वर्षांनी बदलतात, एवढं मला कॅफेत बसून कळलं, पण त्याने बरं काही वाटलं नाही.

तर तो उन्हाळा. कार्डाचा नमुना छापून आला तेव्हा मी कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्या द्यायला गेले होते. ते काम माझ्याकडे राहिलं होतं, पन्हं आणि कोकम; बदामाचं सरबत कुंदाकडे गेलं होतं. आशीषने मोठ्या हौसेने नमुना माझ्यासमोर धरला. 'बादाम का शरबत, कुंदा दीदी के घर से.' अक्षरं बारीक आणि तिरकी होती. सुंदर होती. वर टेपवरचा समुद्र चालू होता.

मी म्हणाले, "भैया, इसमें बादाम है ही नहीं. चिरौंजी है."

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. कार्डावर बदाम लिहिलं होतं आणि आत बदाम नव्हता. गिऱ्हाइकाला जे सांगाल तेच द्यायला हवं, हा नियम माझ्या कोर्सच्या पहिल्या पानावर होता, त्याच्या फाइलच्याही. कुठल्याही तपासणीत मीच बरोबर ठरले असते. आणि मी ते फक्त यासाठी सांगितलं की कुंदाचं नाव छापलं जाऊ नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नियमाच्या मागे उभं राहून माणूस किती हलकेपणा करू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं, आणि समजूनही मी मागे फिरले नाही.

आशीषने नमुना पुन्हा वाचला. मग म्हणाला, "इतनी अच्छी चीज़ है, दीदी." मी म्हणाले, "अच्छी है. असली नहीं है." त्याने नमुना घडी करून खिशात ठेवला.

दोन आठवड्यांनी कार्ड आलं. त्यावर माझं नाव होतं. आशीष एवढंच म्हणाला की कुंदा दीदींना बदामाचं येत नाही. मी घरी येऊन ते कार्ड कपाटात, शालूखाली ठेवलं. सरबत मी नेमाने पोचवत राहिले. कुणी तक्रार केली नाही. तीन काय, एकही माणूस विचारायला आला नाही. पुढे दोन उन्हाळे बार चालला, मग शेठजींना दुसरा नाद लागला आणि तिथे टाइल्सचं दुकान झालं. देव कुठे गेले कुणास ठाऊक.

कुंदाने ते सरबत पुन्हा केलं नाही. घरीसुद्धा नाही. पोरं मागायची तर म्हणायची, "आता जमत नाही मले." मला ते वाक्य ऐकू आलं की मी ताटं उचलायला लागायचे, ओट्यावरून फडकं फिरवायला लागायचे. ती दुखावली असेल, असं वाटायचं. मनात खोल कुठेतरी असंही वाटायचं की बरं झालं, विसरली असेल. आणि मग मी काय केलं ते सांगते. दर मे महिन्यात, घरी कुणी नसताना, मी चार आणून बिया फोडून चारोळीचं सरबत करायला लागले. पाट्यावर वाटून पाहिलं. मोगरा ठेवून पाहिला. पाक निववून पाहिला. वजनं बदलली, वही भरली. ते कधी आलं नाही. बरं व्हायचं. चांगलं व्हायचं. ते व्हायचं नाही. तिला विचारायचं तर आधी काहीतरी सांगावं लागलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. इतकी वर्षं दिवाळी, दसरा, लग्नं, बारशी, तिच्या शेजारी बसून पुऱ्या लाटल्या आणि विचारलं नाही.

यंदा मी सदर बाजारातून दोन नाही, चांगले दहा दोने चार घेतले. कुंदा त्या दिवशी चौबे कॉलनीत आली होती. तिचे दीर म्हणजे आमचे हे आत झोपलेले. आम्ही मागच्या व्हरांड्यात पंख्याखाली बसलो. मी ती फळं पातेल्यात ओतली तर तिने विचारलंही नाही कशाला, पाणी घालून बिया चोळायला बसली. तळव्यांखाली गर सुटत होता, पाणी जांभळं होत होतं. तिचे हात आता सुरकुतलेत, बोटं पेरांशी जाड झालीत, पण चोळायची ती लय तशीच. मी बघत बसले आणि मला पुन्हा तसंच जळलं. चार चोळण्यासारखी साधी गोष्ट, तीही तिची बघत राहावी अशी.

कदाचित त्या रागातच मी बोलले. "कुंदा, त्या बारवाल्याले चारोळीचं मीनंच सांगतलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मले."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी आला होता तो बीरगावले, गाडीवर. म्हणे, आपकी जेठानी ने बताया. म्हणे, बादाम से बना दो दीदी, नाम आपका ही रहेगा. म्या म्हटलं, बदामाचं मले येत नाही."

"येत नव्हतं तुले?"

"न यायले काय हाय त्याच्यात? वाटाचं न् गाळाचं."

पंखा आवाज करत होता. आत ह्यांनी कूस बदलली. मला कार्ड आठवत होतं, शालूखालचं. शालू नेसायला काढताना मी ते दर वेळी हातात घेऊन बघितलंय. लाज होतीच, पण लाजेखाली एक गारवा असायचा, की कसंही असो, एकदा मी तिच्यापेक्षा पुढे गेले होते.

"मंग काहून नाही म्हटलं तू?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

तिने एक बी उचलून उजेडात धरलं, गर निघालाय का पाहिलं, आणि परत पाण्यात टाकलं. "नाव त मलेही पाह्यजे होतं, दीदी. खोटं काहून सांगू. लग्नाच्या पत्रिकेनंतर कोनत्या कागदावर नाव आलं माहं? पन त्या दिवशी तिथं त्यानं माह्या ग्लासाले हो म्हटलं न, तवा तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या. मंग मले ते गोड नाही लागलं. त्याच्यानंतर कराचंही मन नाही झालं."

आता मला वाईट वाटायला हवं होतं. एखादी बरी बाई असती तर तिने जावेला मिठी मारली असती. मला आधी आला तो राग. आयुष्यभरात मी तिच्यावर मिळवलेली एकुलती एक गोष्ट, तीही तिने वाढलेली निघाली, जशी ती पंक्तीत वाढते तशी, कुणाला न दाखवता. चव तिची, कष्ट तिचे, आणि आता मोठेपणाही तिचाच. माझ्यासाठी तिने नावाला काही ठेवलं नव्हतं. हलकेपणा तेवढा माझा स्वतःचा होता.

"तवाच सांगायचं होतं मले," मी म्हणाले. "कुणी सोडलेलं मी घेतलं नसतं."

"म्हनूनच नाही सांगतलं," कुंदा म्हणाली. "सांगतलं असतं त घेतलं असतं का तुमी?"

"नसतं घेतलं," मी म्हणाले.

ती हसली नाही, रडलीही नाही. बियांचं पाणी बदलायला पातेलं घेऊन उठली, आणि उठताना तिने एक हात गुडघ्यावर ठेवला. पातेलं जड होतं, पाणी हिंदकळून तिच्या पायावर आलं. मी शेजारीच बसलेली होते. मी हात पुढे केला नाही. इतकं चांगलं व्हायला मला अजून थोडा वेळ हवा होता.